मूल हात उगारते तेव्हा शाळेने काय करावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा अल्पोपाहाराच्या टेबलापाशी ठरलेली असते. यंदा अध्यक्षाबाईंनी तेथून उठवून मला येथे उभे केले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी आहे. व्याख्यान देण्याइतकी विद्वत्ता माझ्याजवळ नाही. परंतु ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहे, तो विषय आमच्या घरात गेली कित्येक वर्षे रोज आमच्याबरोबर पाटावर जेवायला बसतो. म्हणून बोलण्याचे धाडस करिते.

विषय असा की, शाळेत जाणाऱ्या विशेष मुलांपैकी एखादे मूल मारू लागले, चावू लागले, केस ओढू लागले, तर शाळेने काय करावे?

विशेष मुले म्हणजे कोण, हे प्रथम सांगते. कोणी स्वमग्न असते, कोणाच्या बुद्धीची वाढ मंद असते, कोणाला मेंदूचा पक्षाघात असतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला, त्यात २१ प्रकार आले व स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करते. सगळी विशेष मुले मारकुटी नसतात. पुष्कळशी तर अशी असतात की, दुसऱ्यांनीच त्यांना चिमटे काढावे, डबा पळवावा आणि त्यांनी निमूट सोसावे. मी बोलणार आहे ते थोड्या मुलांविषयी. पण ती थोडी मुलेच शाळेबाहेर फेकली जातात, म्हणून त्यांच्याविषयी बोलावयास हवे.

आमच्या धाकट्या भावोजींचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. त्याला पाच-सहा शब्द बोलता येतात. जाऊबाई नोकरी करतात, त्यामुळे त्याला शाळेत पोचविणे व आणणे माझ्याकडे आहे. शाळेतून तक्रारीचा फोन येतो तोही मलाच. त्यामुळे दोन शाळांच्या दोन रीती मी जवळून पाहिल्या.

पहिल्या शाळेची रीत अशी होती. त्याने कोणाला ढकलले की आधी ओरडणे होई. मग त्याला वर्गाबाहेर उभे करीत. एकदा सामानाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती. आणि शेवटी फोन येई, "घेऊन जा." आठवड्यातून तीन-तीन वेळा मी हातातली पोळी तव्यावरून उतरवून शाळेत धावत असे. तेथील बाई दुष्ट होत्या असे मी म्हणत नाही. त्यांना हे कोणी शिकविलेच नव्हते. पण या तिन्ही उपायांचा परिणाम काय होतो, हे आपण शांतपणे पाहू.

पहिला उपाय मारण्याचा. जे मूल मारते त्याला मारून आपण काय शिकवितो? मोठ्या माणसाचे ऐकले नाही की हात उगारावयाचा, हेच ना? तो ते नीट शिकतो व आपल्याहून लहान असेल त्याच्यावर चालवितो. शिवाय कायद्यानेही हे बंद आहे. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणे व मानसिक त्रास देणे या दोहोंना मनाई आहे. ही मनाई सगळ्या मुलांसाठी आहे, विशेष मुलांना तीतून वगळलेले नाही.

दुसरा उपाय कोंडण्याचा. काही ठिकाणी बाकाला बांधून ठेवतात, काही ठिकाणी दोघे-तिघे मिळून जमिनीवर दाबून धरतात. बायांनो, पालथे पाडून पाठीवर किंवा छातीवर भार देणे ही जिवावरची गोष्ट आहे. त्याने श्वास कोंडतो. आणि घाबरलेल्या मुलाला अंधारात कोंडले तर त्याचे घाबरणे वाढते, कमी होत नाही.

तिसरा उपाय घरी पाठविण्याचा. हा सौम्य दिसतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी अधिक सांगावयाचे आहे. समजा, वर्गात गलका आहे, मुलाला तो सोसवत नाही, त्याला तेथून जावयाचे आहे. त्याने शेजारच्याला बुक्की मारली. दहा मिनिटांत काकू आली आणि तो घरी गेला. आता सांगा, त्याच्या मनाने काय हिशोब मांडला असेल? बुक्की मारली की सुटका होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बुक्कीच मारणार. आपण शिक्षा म्हणून जे देतो तेच त्याला बक्षीस वाटते. शिवाय दर वेळी घरी पाठविले की त्याचा तो दिवस बुडाला, आई-बापांची नोकरी धोक्यात आली, आणि होता होता एक दिवस शाळाच सुटली. कायदा म्हणतो की, आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होईतो कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण रोज रोज "घेऊन जा" म्हटले की काढून टाकण्याचे पत्र द्यावेच लागत नाही.

मग करावे काय? दुसऱ्या शाळेत आम्हाला ते दिसले. तेथे विशेष मुलांसाठी शिकलेल्या एक बाई ठरलेल्या दिवशी येतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मूल हात उगारते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. त्याला ते दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही. आधी सर्वांना सुरक्षित करा, मग ते काय सांगत होते ते शोधा, आणि मग तेच सांगण्याची दुसरी रीत त्याला शिकवा. या तीन पायऱ्या. मी त्या क्रमाने सांगते.

पहिली पायरी, त्या क्षणाची. मूल भडकलेले असताना उपदेश करू नये, कारण त्या वेळी त्याच्या कानात काही शिरत नाही. आवाज खाली आणावा. दोन-तीनच शब्द बोलावे. त्याच्या अंगावर चालून जाऊ नये, एक-दोन हात अंतर ठेवावे. त्याला धरून बाहेर नेण्याची ओढाताण करण्यापेक्षा बाकीच्या मुलांना बाहेर न्यावे, ते सोपे असते. कात्री, पट्टी, कंपास अशा वस्तू हातावेगळ्या कराव्या. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला खरोखर इजा करील अशी वेळ आली तरच त्याला धरावे, तेही शिकलेल्या माणसाने, थोडाच वेळ, आणि श्वासाला अडथळा होणार नाही अशा बेताने. चावा घेतला असेल तर हात हिसडून ओढू नये, त्याने कातडी फाटते. हात किंचित तोंडाच्या बाजूस लोटावा म्हणजे जबडा सैल पडतो. केस धरले असतील तर त्याची मूठ आपल्या डोक्याशी दाबून धरावी म्हणजे ओढ बसत नाही, मग बोटे सोडवावी. या गोष्टी ऐकून येत नाहीत, करून पाहाव्या लागतात. म्हणून शाळेतील सगळ्या शिक्षकांनी आणि मदतनीस बाईंनीही त्या वर्षारंभी शिकून घेतल्या पाहिजेत. मूल शांत झाले की त्याला पाणी द्यावे, थोडा वेळ एका निवांत कोपऱ्यात बसू द्यावे. कोपरा उघडा असावा आणि कोणीतरी सोबत असावे. त्याला कडी नसावी.

दुसरी पायरी शोधाची. त्या बाईंनी एक शंभरपानी वही केली. तारीख, वेळ, त्याच्या आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर आपण काय केले, असे पाच रकाने. वर्गाच्या बाईंनी लिहावयाचे, मदतनीस ताईंनी सांगावयाचे, आणि घरी मी लिहावयाचे. पंधरा दिवस काहीच बदलले नाही, नुसते लिहिले. पंधरा दिवसांनी वही उघडली तर बहुतेक नोंदी खिचडीच्या सुट्टीच्या आधीच्या होत्या. थाळ्या घेऊन रांग लागते, मुले रेटारेटी करतात, थाळ्यांचा खणखणाट होतो. त्याला गर्दीचा स्पर्श व तो आवाज सोसत नाही. तो पुढच्याला ढकली, मागच्याला चावू पाही. आम्ही सगळे म्हणत होतो, "उगाच मारतो." उगाच काहीच नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आजवर चालले होते.

या शोधात शरीराकडे आधी पाहावे, हे मी मुद्दाम सांगते. ज्याला बोलता येत नाही त्याची दाढ ठणकली तर तो कसे सांगणार? कान फुटला, पोट साफ झाले नाही, मुलगी मोठी झाली व पाळीच्या दिवसांत पोट दुखते, झोप झाली नाही, अशा साध्या कारणांनी ही मुले बेफाम होतात. फिट येणारी मुले फिटीनंतर काही वेळ गोंधळलेली असतात, त्या वेळी कोणी धरले तर हात झटकतात. फिटीवरच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते. असा संशय आला तर डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने गोळी मात्र बंद करू नये, त्याने फिटी उलट जोरात येतात. एकाएकी मारू लागलेल्या मुलाला आधी डॉक्टर व दाताचे डॉक्टर दाखवावे, मुख्याध्यापकांकडे नंतर न्यावे.

तिसरी पायरी शिकविण्याची. आमच्या मुलाला दोन गोष्टी करून दिल्या. एक म्हणजे रांग लागण्यापूर्वी पाच मिनिटे तो मदतनीस ताईंबरोबर जाऊन थाळ्या मांडू लागतो व आपली खिचडी घेऊन कडेला बसतो. दुसरी म्हणजे त्याच्या गळ्यात तीन चित्रे अडकविली. एक पाण्याचे, एक शूचे, आणि एक उघड्या पंजाचे. पंजा म्हणजे "पुरे झाले, मला बाहेर जाऊ द्या." त्याने पंजा दाखविला की लगेच बाहेर सोडावयाचे, असा नियम केला. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून वीस वेळा पंजा दाखवी. वर्गाच्या बाई कंटाळल्या. पण विशेष शिक्षिका म्हणाल्या, "दाखवू द्या. बुक्कीपेक्षा पंजा बरा." त्याला खात्री पटली की चित्राने काम होते, तेव्हा बुक्कीची गरज कमी झाली. मग हळूहळू "दोन गणिते कर, मग बाहेर" असे सुरू केले.

हे काही आमच्या बाईंच्या डोक्यातूनच निघालेले नाही. त्यांनीच मला सांगितले की, अमेरिकेत कार व ड्युरंड या दोन अभ्यासकांनी १९८५ साली अशा चार मुलांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. काम अवघड गेले की काही मुले दंगा करीत, आणि लक्ष मिळत नाही म्हणून काही करीत. त्यांना मदत मागण्याचे व "माझे काम बरे आहे का?" असे विचारण्याचे वाक्य शिकविले, तेव्हा दंगा पुष्कळ कमी झाला. मात्र ज्याला जे हवे त्याचेच वाक्य शिकवावे लागते. लक्ष हवे असणाऱ्याला मदतीचे वाक्य शिकविले तर उपयोग होत नाही. म्हणून तर आधी वही लिहावयाची.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. आजही महिन्यातून एखादे वेळी त्याचा तोल जातो. गेल्या पावसाळ्यात त्याने वर्गातील एका मुलीच्या दंडाला चावा घेतला व रक्त आले. तिच्या आईने विचारले, "माझ्या मुलीने का सोसावे?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

तिने सोसू नये, हेच उत्तर. त्या मुलीलाही निर्भयपणे शाळेत बसण्याचा तितकाच हक्क आहे. शाळेने त्याच दिवशी, मुलगी घरी पोचण्यापूर्वी, तिच्या आईला स्वतः कळवावे. चाव्याची जखम साबण-पाण्याने चांगली धुवावी, आणि कातडी फुटली असेल तर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. मुलीला जवळ बसवून "तुझी चूक नव्हती" असे सांगावे. जागा बदलून द्यावी. पुन्हा असे होऊ नये म्हणून शाळा काय करणार, तेही तिच्या आईला सांगावे. त्या मुलाचे दुखणे काय, औषधे कोणती, हे मात्र सांगू नये. ते त्याच्या घरचे आहे. पुष्कळदा आयांचा संताप चाव्यापेक्षा लपवाछपवीमुळे वाढतो, असे मी पाहिले आहे.

काही पालकांनी त्या वेळी सह्यांचा कागद फिरविला, "या मुलाला विशेष शाळेत पाठवा." विशेष शाळा चांगल्या आहेत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आणि पुण्याची कामायनी १९६४ पासून या मुलांचे काम करीत आहे. एखाद्या मुलाला तशी शाळा अधिक मानवते, आणि आई-बापांनी समजून-उमजून ती निवडली तर उत्तमच. पण सह्या करून हाकलणे निराळे. गावोगाव तशा शाळा नाहीत. आणि तेथे गेला तरी त्याची दाढ ठणकणारच, गलका त्याला सोसणार नाहीच. तेथील शिक्षिकाही वहीच लिहितील आणि चित्रेच शिकवितील. जे तेथे करावयाचे ते येथे करावयास कोणाची हरकत आहे?

हरकत नाही, पण माणसे नाहीत, असे शाळा सांगतात. त्यात तथ्य आहे. एका बाईंपुढे चाळीस-पन्नास मुले असली तर त्यांनी वही कधी लिहावी? मार खाऊन त्यांच्याही दंडावर वळ उठतात, त्यांनाही घरी मुलेबाळे आहेत. त्यांना कोणी "लागले का?" असेसुद्धा विचारीत नाही. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत ३० मुलांमागे व पुढे आठवीपर्यंत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. आणि विशेष मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे की, प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक व त्यावरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. तेव्हा भांडावयाचेच असेल तर आई-आईंनी एकमेकींशी किंवा वर्गाच्या बाईंशी भांडू नये. दोघींनी मिळून विशेष शिक्षक मागावा.

आता आपल्या मंडळाने काय करावे, तेवढे सांगून थांबते. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असा कायदा आहे. आपल्यातील काहीजणी अशा समित्यांवर आहेत. चहा घेऊन सही करण्यापुरते त्यांनी तेथे जाऊ नये. पुढच्या सभेत पाच गोष्टी विचाराव्या. मूल भडकले तर कोणी काय करावयाचे, हे शाळेने लिहून ठेवले आहे काय? शिक्षकांना व मदतनीसांना ते शिकविले आहे काय? निवांत बसण्याची, कडी नसलेली एक जागा आहे काय? घडलेल्या गोष्टीची नोंद होते काय, आणि ती दोन्ही मुलांच्या घरी त्याच दिवशी कळते काय? विशेष शिक्षिका किती दिवसांनी येतात? या प्रश्नांना पैसा लागत नाही. विचारणारे तोंड लागते, आणि ते आपणा बायकांपाशी देवाने भरपूर दिले आहे!

दुसरे काम त्याहून लहान. ज्या आईला शाळेतून रोज फोन येतो ती हळूहळू हळदीकुंकवाला येईनाशी होते. मुलाला घेऊन कोठे जावे, तो काय करील, लोक काय म्हणतील, या धास्तीने ती दार लावून घेते. आपल्या गल्लीत अशी एक तरी आई असेल. तिला बोलवा. मुलासह बोलवा. तो गोंधळ करील तर तासाभराऐवजी दहा मिनिटे बसेल. तिच्याकडे थोडा वेळ मूल सांभाळून द्या, म्हणजे ती केस विंचरून बँकेत किंवा दवाखान्यात जाऊन येईल. ज्या मुलाची आई दमलेली नसते त्या मुलाची वही नीट लिहिली जाते, हे माझ्या जाऊबाईंकडे पाहून मी सांगू शकते.

हात उगारणारे मूल हे वाईट मूल नव्हे, आणि त्याचा मार खाणारे मूल हेही सोसण्यासाठी जन्मलेले नव्हे. दोघेही एकाच शाळेची मुले आहेत. शाळेने दोघांना सांभाळावे, आणि शाळेला ते जमावे म्हणून आपण तिच्यामागे उभे राहावे, एवढेच मागणे मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.